सुहास सरांचा चॉकलेटी पट्टा

रत्नागिरीत माझा हात न लागलेली भिंत सापडणं कठीण. समुद्राला भिंत नाही म्हणून तो तेवढा वाचला. चाळीस वर्षं रंगकाम केलं. राजापूरला एका वकिलांच्या दिवाणखान्यात पुट्टी अशी घासली होती की पालीला वर चढता येईना. बिचारी कोपऱ्यात बसून माझ्याकडे तक्रारीच्या नजरेनं बघत राहायची. शेवटी वकीलसाहेबांनी तिच्यासाठी वीतभर भिंत खरबरीत ठेवून घेतली. अंजनवेलला खाडीवरचं वारं इतकं की रंग भिंतीवर जायच्या आत ब्रशवरच सुकायचा. मी खोटं बोलत नाही. आम्ही रंगारी भिंतीला पहिला हात देतो, मग दुसरा देतो. मी खऱ्याला दुसरा हात देतो, एवढंच.

पण एक गोष्ट एका हातातच पक्की आहे. चाळीस वर्षांत माझ्या ब्रशमधून जमिनीवर थेंब पडलेला नाही. यात जादू नाही. ब्रश एक तृतीयांशच बुडवायचा, डब्याच्या काठावर दोन्ही बाजूंनी निपटायचा आणि भिंतीकडे नेताना टोक वर ठेवायचं. लोक ब्रश पळीसारखा धरतात, म्हणून त्यांची फरशी कढी सांडल्यासारखी दिसते. मी पांढरा लेंगा घालून कामाला जायचो आणि पांढऱ्याच लेंग्यात परत यायचो. बायको लेंगा उजेडाला धरून बघायची आणि विचारायची, "कामाला गेला होतात की पत्ते खेळायला?"

थेंब पडला तो एकदाच. तीन वर्षांपूर्वी, नाचणे रस्त्यावर, सुहास सरांच्या खोलीत. त्या कामात मला पहिल्या दिवसापासून काही कळत नव्हतं आणि खरं सांगायचं तर अजूनही पुरतं कळलेलं नाही.

सुहास सर कॉलेजात शिकवत नाहीत, प्रयोगशाळा सांभाळतात. पण काचेच्या नळ्या हाताळून माणूस असा जपून बोलायला लागतो की आपोआप सर म्हटलं जातं. वय बेचाळीस, लग्न नाही. कुंदाताईंच्या घराच्या माडीवर पुढची खोली, आतली खोली, स्वयंपाकघर आणि मोरी, एवढ्यात राहायचे. मला बोलावलं ते ऐन श्रावणात. या दिवसांत आमच्याकडे भिंतींना ओल असते, शहाणा माणूस तेव्हा रंगकाम काढत नाही. मी तसं सांगितलं.

"नाना, शनिवारी माणूस यायचंय," सर म्हणाले. "त्या माणसाला खोली पसंत पडलीच पाहिजे. नाही पडली तर सगळं संपलं. आणि माझ्याकडे फार पैसे नाहीत."

आता बेचाळीस वर्षांचा अविवाहित पुरुष श्रावणात रंगकाम काढतो, शनिवारी माणूस येतं आणि खोली पसंत पडायची असते. आमच्याकडे मुलीकडची माणसं आधी घर बघायला येतात. मुलगा नंतर बघतात, कधीकधी बघायचा विसरतात. चार चुलत्या, दोन मामा येऊन विहिरीत डोकावतात, मोरीत डोकावतात, गादी उचलून खाली काय आहे ते बघतात. शंकेला जागाच नव्हती. मी जिना उतरलो तर खाली कुंदाताई पोफळीच्या विरीची झाडणी हातात घेऊन उभ्याच.

"काय वो नाना, मुलगी कुठली?"

"मला काय म्हायत? शनिवारी येतायत बघायला."

"बामणाला सांगितलान की नाय?"

"अहो ताई, आधी भिंत तरी सुकू दे."

संध्याकाळपर्यंत नाचणे रस्त्यावर लग्न ठरलेलं होतं. माझा त्यात दोष नाही. मी फक्त चार जणांना सांगितलं.

तंग पैशातलं काम मला नवं नाही. प्रत्येक रंगाऱ्याच्या घरी उरलेल्या डब्यांचा एक ढीग असतो. एखाद्याच्या बेडरूममधला पाव डबा, दुसऱ्याच्या गॅलरीतला अर्धा. नीट जुळवले की नवराबायकोसारखे एक होतात. मी दुसऱ्या दिवशी पाच नमुने नेले. पिस्ता, फिकट गुलाबी, आणि एक असा की सकाळी निळा दिसायचा आणि दुपारी जांभळा. तो मी खास बघायला येणाऱ्यांसाठी राखून ठेवतो, माणसं रंगावर वाद घालत बसतात आणि मोरी बघायची राहते.

सरांनी एकाही नमुन्याकडे बघितलं नाही. आलेखाच्या कागदाची एक गुंडाळी पुढे सरकवली. चारी भिंतींचं चित्र, मापांसकट.

"वर चुना. खाली ऑईलपेंटचा पट्टा, चॉकलेटी. जमिनीपासून तीन फूट दोन इंच. मध्ये काळी रेघ, अर्ध्या इंचाची."

मी तो कागद उलटा धरून बघितला, सुलटा धरून बघितला. "सर, हे सरकारी दवाखान्याचं डिझाइन आहे."

"असेल."

"मुलगी डॉक्टर आहे का?"

"कुठली मुलगी?" सर म्हणाले. मला वाटलं लाजले.

चुना म्हटलं की लोकांना स्वस्तातलं काम वाटतं. पण त्या भिंतीवर आधीचा प्लॅस्टिक पेंट होता. त्याच्यावर चुना धरत नाही, सालपटं निघतात. म्हणजे आधीचा चांगला, महाग रंग पार प्लास्टरपर्यंत खरवडायचा, आणि मग त्यावर गरिबी फासायची. मी दोन दिवस खरवडत होतो. चुना ड्रममध्ये भिजवला, गाळला, डिंक घातला, चिमूटभर नीळ घातली. ओल मरेना, म्हणून चार विजेचे बल्ब भिंतींजवळ टांगून ठेवले. खोली अशी तापली की कुंदाताईंनी खालून विचारलं, आंबे घातलेत काय पिकायला.

आणि सामान. सरांचा बरा सोफा होता, तो विकला. आलेल्या पैशांत भंगारवाल्याकडून लोखंडी खाट आणली, गंज चढलेली, बसलं की म्हातारीसारखी कण्हणारी. टीव्हीचं कपाट गेलं, त्या जागी पत्र्याची ट्रंक आली आणि ट्रंकेवर विणलेला रुमाल. खिडकीला स्प्रिंगच्या तारेवर अर्ध्या लुगड्याचा पडदा. बरी खोली मोडून माणूस तिची अडगळ करत होता, आणि तीही मोजमाप घेऊन. खाट भिंतीपासून चार बोटं, पाच नाही.

तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दाराशेजारी एक खिळा मारायला सांगितला.

"काय टांगायचंय?"

"काही नाही. मारा आणि वाकवा. डावीकडे."

"वाकवलेला खिळा काढतात सर, मारत नाहीत."

"तिथे होता, नाना."

"कुठे होता?"

सर कागदाकडे बघत राहिले. "कशाला होता ते मलाही आठवत नाही. पण होता."

मी मारला. वाकवला. पुन्हा बाहेर जाऊन दुसऱ्याच घरात तर शिरलो नाही ना, ते बघून आलो.

त्या दिवशी माझ्या मनात आलं, पोराकडे पैसा नाही, सासरची माणसं यायचीत, आपणच काहीतरी करावं. एका बंगल्याचा उरलेला सोनेरी रंग होता. आतल्या खोलीत, पलंग येईल त्या भिंतीवर मी हौसेनं कमळांची किनार काढली. अशी काढली की भुंगे आले. चार भुंगे मी स्वतः हाकलले. सर कॉलेजातून आले, दारात उभे राहिले, कमळांकडे बराच वेळ बघत राहिले.

"छान आहेत," म्हणाले. "पुसता येतील?"

मी पुसली. दुसरा कुणी असता तर डबे उचलून घरी गेलो असतो. पण ज्या आवाजात विचारलं, तो आवाज रागाचा नव्हता. वर्गात नापास झालेला मुलगा निकाल पुन्हा बघू का म्हणून विचारतो, तसा होता. माझा गोंधळ आणखी वाढला.

गुरुवारी कळस झाला. चुना सुकला होता, पट्टा सुकला होता. काळी रेघ मी दोरी मारून ओढली होती. दोरी मारणं म्हणजे निळीत बुडवलेली दोरी भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणायची आणि मधोमध टिचकी द्यायची; सरळ निळी खूण उमटते, तिच्यावरून ब्रश चालवायचा. ती रेघ इतकी सरळ होती की आमच्या पंचायतीचे दोन मेंबर बघायला आणावेत. मी डबे धुऊन वर आलो तर सर खाटेवर बसलेले, डोक्याला खोबरेल तेल चोपडलेलं, आणि डोकं माझ्या नव्या कोऱ्या चुन्यावर घासतायत. उजवीकडे, डावीकडे. उजवीकडे, डावीकडे.

कुंदाताई चहा घेऊन माझ्या मागे आल्या होत्या. त्यांनी कप माझ्या हातात दिला आणि हळूच म्हणाल्या, "नाना, मुलीकडच्यांना फोन करून सांगा वो. उगाच त्या पोरीचं नुकसान नको."

"सर," मी म्हटलं, "मी साठी ओलांडलेला माणूस आहे. तुम्ही काय करताय ते मला सांगा, नाहीतर मी डॉक्टरला सांगतो."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. हात तेलाचे, म्हणून त्यांनी कोपरानं स्पीकर लावला. बदलापूरहून त्यांची थोरली बहीण बोलत होती.

"सुहास, शनिवारी दुपारपर्यंत पोचतो आम्ही. आईला सांगितलंय घरी चाललोय म्हणून. ती पिशवी भरून बसलीय कालपासून. पण ऐक, पंधरा दिवस. माझ्याकडे सहा महिने झाले, रोज दार उघडून बाहेर जाते, घरी जायचंय म्हणते. दोनदा पोलिसांनी आणून सोडली. तुझ्याकडे नाही रमली तर म्हाताऱ्यांच्या त्या संस्थेत नाव घातलंय मी. माझ्या अंगात आता ताकद नाही रे."

"रमेल," सर म्हणाले.

"असं नुसतं म्हणून होतं का?"

"चुना सुकलाय, ताई. पट्टापण झालाय."

पलीकडून बहीण म्हणाली, "वेडा आहेस," आणि फोन ठेवला.

मी आणि कुंदाताई कपबशी घेऊन उभे. मग सरांनी सांगितलं. वडील चिपळूण तालुक्यातल्या एका सरकारी वसाहतीत वायरमन होते. आई लग्न होऊन तिथे आली आणि अठ्ठावीस वर्षं त्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहिली. वडील निवृत्त झाले, क्वार्टर सोडलं, पुढे वडील गेले. आता आईच्या डोक्यातून एकेक गोष्ट पुसली जात होती. मुलाचं नाव गेलं होतं, मुलीला ती बाई म्हणायची. राहिलं होतं ते एवढंच, की घरी जायचंय. आणि ते घर तर आता तसं उरलेलंच नव्हतं. सर स्वतः जाऊन बघून आले होते. दारं-खिडक्या गेलेल्या, आत रान. म्हणून त्यांनी ते आठवून आठवून आलेखाच्या कागदावर काढलं होतं. वडील संध्याकाळी खाटेवर बसून भिंतीला डोकं टेकायचे. तिथे तेलाचा डाग होता.

"तो डाग राहिला होता," सर म्हणाले.

मी कप खाली ठेवला. "सरका," म्हटलं. "एवढ्यानं होत नाही. तेलात थोडी काजळी लागते." डाग मीच पुरा केला. असा केला की खुद्द त्यांच्या वडिलांना आपलाच वाटला असता. ज्या माणसानं आयुष्यभर भिंतीवरचे डाग झाकले, त्यानं एक डाग ब्रशनं उमटवला.

"आणखी एक होतं," सर चाचरत म्हणाले. "दर तीन-चार वर्षांनी रंगवायला कुणी कंत्राटदाराची माणसं यायची. फरशीवर थेंब पाडून जायची, चॉकलेटी. आई महिनाभर घासत बसायची. तुम्ही थोडे..."

"नाही," मी म्हटलं.

"दोन-तीनच."

"सर, तुमच्यासाठी मी चुना फासला, खिळा वाकवला, कमळं पुसली. पण थेंब माझ्या हाताला यायचा नाही. चाळीस वर्षं झाली. तुम्ही पाडा हवे तर, मी बाहेर उभा राहतो."

त्यांनी पाडले नाहीत. मला वाईट वाटेल म्हणून असेल. माझा ताठा तेव्हा मला फार शोभिवंत वाटला होता. आज तो आठवला की मी दुसरा विषय काढतो.

शनिवारी मला जायचं कारण नव्हतं. गेलो. कुंदाताईंनी दारात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या तयार ठेवला होता. नवरी नाही तर नाही, माणूस लांबून आलंय, ओवाळून टाकायला नको का. दुपारी गाडी आली. बहिणीच्या आधारानं आई जिना चढल्या. लहान चणीच्या, पांढरे केस घट्ट बांधलेले, छातीशी कापडी पिशवी. कुंदाताईंनी भाकरतुकडा ओवाळला तेव्हा त्या म्हणाल्या, "मला कशाला ओवाळताय? मी काय आज लग्न होऊन आल्ये?"

आम्ही हसलो. वाटलं, झालं काम.

पण त्या उंबऱ्याच्या आत येईनात. दारात उभ्या राहून त्यांनी खोली बघितली. चुना बघितला, पट्टा बघितला, खाट, ट्रंक, पडदा, सगळ्यावरून नजर गेली आणि परत आली, जशी बसच्या खिडकीतून लोकांच्या घरांवरून जाते. डागावरूनही गेली.

"कुणाकडे आणलंत मला?" त्या मुलीला म्हणाल्या. "माणसं चांगली दिसतात. पण आता उशीर होतोय. घरी जाऊ या."

"आई, हेच घर," सर म्हणाले. "बघ ना, पट्टा बघ."

"हो, छान आहे हो तुमचं," आई म्हणाल्या, अगदी परक्या माणसाशी बोलतात तशा, आणि जिन्याकडे वळल्या. बहीण भिंतीला टेकून रडायला लागली. सर आलेखाच्या कागदासारखे पांढरे पडले होते. कुठली रेघ चुकली ते शोधत चारी भिंतींकडे बघत होते.

आत ठेवताना बहिणीच्या बॅगेचं चाक पट्ट्याला घासलं होतं आणि दाराजवळ वीतभर चॉकलेटी रंग निघाला होता. तेवढा लावून टाकावा म्हणून मी तिथेच उरलेला डबा उघडून बसलो होतो. अशा वेळी माझ्यासारख्याला हातात काहीतरी लागतं. मी ब्रश बुडवला. एक तृतीयांश नाही, पुरा बुडवला. काठाला निपटला नाही. टोक खाली धरलं.

माझा हात थरथरला असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. तो थरथरला नाही.

टप. मग आणखी एक. मग तिसरा, चांगला रुपयाएवढा.

आई थांबल्या. वळल्या. फरशीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"पाडलंत?" त्या म्हणाल्या. "पाडलंत ना पुन्हा? किती वेळा सांगितलं, आधी खाली गोणपाट घाला. तुमचं काय जातंय, घासायचं मला. मिस्त्री, डोळे फुटलेत का तुमचे?"

त्यांना आई म्हणायचं मी ठरवून गेलो होतो. तोंडातून निघालं, "चुकलं वहिनी."

"दर वेळी चुकतं," म्हणत त्यांनी पिशवी मुलीच्या हातात दिली, चपला बाहेर काढल्या आणि आत आल्या. कुठे वळायचं ते त्यांना कुणी सांगितलं नाही. सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी गेल्या, न बघता डावा हात वर केला आणि तो बरोबर त्या वाकड्या खिळ्यावर पडला. हात तिथे चाचपत राहिला.

"फडकं कुठाय?" त्या म्हणाल्या. "माझं रॉकेलचं फडकं. सुहास, फडकं कुणी घेतलंन रे?"

 सरांनी अंगातला नवा शर्ट काढला आणि आईच्या हातात दिला. रॉकेल हल्ली कुठे मिळतं. मी थिनरची बाटली पुढे केली. त्या फरशीवर बसल्या आणि मला शिव्या देत थेंब पुसायला लागल्या. चाळीस वर्षांत माझ्या कामाला इतकी नावं कुणी ठेवली नव्हती. मी जोडीला उभा राहून प्रत्येक नावाला मान हलवत होतो.

संस्थेतलं नाव बहिणीनं काढून घेतलं. आई तिथेच आहेत. सरांना कधी सुहास म्हणतात, कधी त्यांच्या वडिलांच्या नावानं हाक मारतात. सर दोन्ही नावांना ओ देतात. नक्की काय ओळखलं त्यांनी, थेंब, खिळा की मला, हे मी डॉक्टरला विचारलं, सरांना विचारलं, कुंदाताईंनाही विचारलं. तिघांनी तीन उत्तरं दिली. कुंदाताईंनी मात्र दुसऱ्या दिवसापासून गावभर केलं की नानांचा हात आता राहिला नाही, थेंब पाडतात. त्या दिवाळीनंतर कामं कमी झाली आणि मी थांबलो. खुलासा केला नाही. कुणाकुणाला सांगत बसणार, आणि माझ्यावर विश्वास तरी कोण ठेवणार?

महिन्यातून एकदा नाचण्याला जातो. आई दार उघडतात, मला वरपासून खालपर्यंत बघतात आणि आत जाऊन गोणपाट आणतात. ते नीट पसरतात, त्याच्यावर खुर्ची ठेवतात, मग म्हणतात, "बसा मिस्त्री. तुमचा भरवसा नाही." मी गोणपाटावरच्या खुर्चीत पाय जवळ घेऊन बसतो आणि बशीत ओतलेला चहा पितो. थेंबही सांडत नाही.